‘राजीनामा फेका’ सांगणाऱ्यांनो, तुमच्या मागे कुणाचा पगार आहे?

भुसावळकर
काल एका उद्योजकाची पोस्ट सगळीकडे फिरत होती. ‘नोकरी म्हणजे गुलामी. खान्देशी पोरांनो, तिशीच्या आत राजीनामा फेका आणि मालक व्हा.’ वाचून डोकं फिरलं. माझे आजोबा सालदार. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी दुसऱ्याच्या शेतात. वडील रेल्वेत फिटर झाले आणि घरात पहिल्यांदा एक तारखेला पगार आला. राहायला क्वार्टर, दुखलंखुपलं तर रेल्वेचा दवाखाना. आम्ही सगळी भावंडं त्यावर शिकलो. गुलामी आजोबांनी केली, वडिलांनी नाही. असले सल्ले देणाऱ्याच्या मागे बागायती असते नाहीतर बायकोचा पगार असतो. ते मात्र पोस्टमध्ये येत नाही.

वायंडिंगवाला, जळगाव
तुमच्या वडिलांची नोकरी आज कुणाला मिळते, ते सांगा. मी एमआयडीसीत कंत्राटावर होतो. अकरा महिने झाले की ब्रेक, पुन्हा नवा कागद. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागायची, ती कुणाचीच भरू दिली नाहीत. पीएफ पगारातून कापला, खात्यात आलाच नाही. आता मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की विहिरीवरच्या मोटारी जळून येतात. जळकी तार उपसायची, स्लॉट घासून कागद बसवायचा, वेढे मोजत नवी तार भरायची, वार्निश लावून सुकवायची. रात्री दोन वाजतात, पण ‘उद्यापासून येऊ नको’ असं सांगणारा कुणी नाही.

गुरुजी, शिरपूर
सरकारी नोकरीतही आता सगळं आलबेल नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली. त्यानंतर दर महिन्याला दहा टक्के कपात, आणि 2023मध्ये तरी म्हातारपणी हातात काय येईल ते बाजारच ठरवणार होता. 2023च्या मार्चमध्ये आम्ही हौस म्हणून संपावर गेलो नव्हतो.

रावेरकर
संपाचा विषय काढलाच आहे तर ऐका गुरुजी. 14 मार्चला तुमचा संप सुरू झाला आणि त्याच आठवड्यात अवकाळी. गहू आडवा झाला, केळीची पानं फाटली, घडांवर गारांचे काळे डाग. पंचनाम्याला तलाठी नाही, ग्रामसेवक नाही. तहसीलला गेलो तर कुलूप. 20 तारखेला संप मिटला तोवर गव्हाचा दाणा काळा पडला होता. काय सांगू भो तुले, घरात पोरगी दहावीचे पेपर देत होती आणि मी बांधावर फोटो काढत होतो. पेन्शन घ्या, पण आमच्या मढ्यावर पाय देऊन नको.

गुरुजी, शिरपूर
भाषा सांभाळा. मी तलाठी नाही. आणि केळीला विमा असतो ना?

रावेरकर
विमा! वारा मोजतात महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर आणि बाग पडते माझी. तिथे वाऱ्याचा आकडा बसला नाही तर माझी झालेली नासाडी कागदावर झालीच नाही. भावाचंही तेच. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात बोर्डावर भाव निघतो, व्यापारी बागेत येऊन त्याच्या खाली बोलतो. कापणीला आलेला घड थांबत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. शेतीइतका स्वतंत्र धंदा नाही म्हणतात. सातबारा माझ्या नावावर, पण भाव ठरवणारा दुसराच.

भुसावळकर
मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात.

रावेरकर
मी कुणाच्या बाजूचा नाही. पोराला पुण्याला चाकणला पाठवलाय, तोही कंत्राटावरच.

शिलाईवाली, धुळे
केव्हाची वाचतेय. मूळ प्रश्न राहिला कुठे? मी घरी ब्लाउज-ड्रेस शिवते, हाताखाली दोन मुली आहेत. मशीनसाठी कर्ज मागायला गेले तर बँकेने तीन वर्षांची रिटर्न मागितली. शेवटी नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपवर कर्ज झालं, तेही त्याच्या नावावर. त्या वर्षी माझी कमाई त्याच्याहून जास्त होती. कमाईला कुणी विचारत नाही, स्लिपला विचारतात. राजीनामा फेकायच्या आधी घरातला दुसरा पगार मोजा, एवढंच सांगते.

वायंडिंगवाला, जळगाव
ताईंचं खरं आहे. माझंही दुकान सुरुवातीला बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावरच तगलं. भुसावळकर, तुमचा तेवढा मुद्दा मान्य, त्यापुढचा नाही. खाजगी नोकरीची सुरक्षितता बघायची असेल तर ईपीएस-95ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन बघा. महिन्याला 1000 रुपये, 2014पासून. माझी उधारी गावोगाव अडकलीय, ‘केळी गेल्यावर देतो’ हे उत्तर पाठ झालंय. तरी कंत्राटाच्या रांगेत परत उभा राहणार नाही.

गुरुजी, शिरपूर
रावेरकर, पंचनामा वेळेत व्हायलाच हवा होता. हे मी संघटनेच्या बैठकीतही बोललो होतो. पण पेन्शनच्या मागणीवरून हटणार नाही.

रावेरकर
बैठकीत बोललात, ठीक. त्या वेळी बांधावर आला असता तर दोन माणसं तरी दिसली असती.