आजीच्या जन्माचं साल कसं काढायचं? (मराठवाडा, निजामाच्या काळातला जन्म)

परभणीचा नातू:
आजीचं आयुष्य लिहून काढायचंय पण तारखाच लागत नाहीयेत. आधारवर १ जानेवारी आहे, म्हणजे नुसतं वय सांगितलेलं. विचारलं की म्हणते "मला काय म्हाईत बाबा, पोलीस ॲक्शनला मी परकरात होते" (हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई). त्याच्या आधी रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या) भीतीने घरच्यांबरोबर दोन राती ज्वारीत लपून काढल्या एवढं तिला पक्कं आठवतं. यावरून साल कसं लावू?

जुनी पाटी:
पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८, तेव्हा ज्वारी डोक्याएवढी असते, सो आठवण बरोबर बसते. तारखा विचारूच नकोस, वस्तू विचार. लग्नात हुंडा हालीत (निजामाचा रुपया) मोजला की कलदारात (इंग्रजी राजवटीचा रुपया)? (सात हालीचे सहा कलदार.) नवे पैसे आले तेव्हा कडेवर कोण होतं? ते १ एप्रिल १९५७. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, पहिलं मत कसं दिलं? १९५२ आणि १९५७ ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, चिन्ह पेटीवरच, त्यात चिठ्ठी टाकायची. १९६२ ला एकाच कागदावर शिक्का आला. वय २१ लागायचं, म्हणजे बघ किती जवळ जाता येतं.

गोदाकाठ:
मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की तुझी आजी एकाच उंबऱ्यात राहून चार राज्यांत राहिली, निजामाचं संस्थान, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १९५६ ला द्विभाषिक मुंबई आणि १९६० ला महाराष्ट्र. माझ्या आईला यातलं एकही आठवत नाही, तिला ७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची आणि ती लाल मिलोची (बाहेरून आलेली ज्वारी) भाकरी जी घशाखाली उतरायची नाही. ते विचारच.

उस्मानपुरा:
एक विनंती, रझाकारांचं विचारशीलच, पण ॲक्शननंतर गावातल्या मुसलमान घरांचं काय झालं तेही विचार. बऱ्याच गावांत फार वाईट झालं आणि आमच्या घरी त्यावर कुणी तोंड उघडत नव्हतं. ही माणसं गेली की सांगणारं कुणी उरणार नाही.

परभणीचा नातू:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोन तास बसलो. पहिलं मत बैलजोडीवर (तेव्हाचं काँग्रेसचं चिन्ह) शिक्का मारून, म्हणजे १९६२ ला, आणि नवे पैसे आले तेव्हा थोरले काका पाळण्यात, सो १९३८-३९ धरतोय. मिलोचं नाव काढलं तर अजून तोंड वाकडं करते.

उस्मानपुरा, तुमचा प्रश्न विचारला. बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "शेजारच्या मोमीनांची पोर माझ्यासंगं सागरगोटे खेळायची. आम्ही ज्वारीतून परत आलो तवा ती होती. मग मिलिट्री आली, आन् त्यांच्या दाराला कुलूप दिसलं." नाव विचारलं तर लगेच सांगितलं.