चार्निया प्राणी होती का? की व्हेंडोबायोंटा ही वेगळीच सृष्टी?

होटगीरोड
रविवारी सोलापुरातल्या आमच्या गटात यावरून वाद झाला, तो अर्धाच राहिला. म्हणून इथे मांडतो. साधारण ५५ ते ५७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी चार्निया, फ्रॅक्टोफ्यूसस असे मऊ अंगाचे जीव होते. तोंड नाही, पोट नाही. फांदीवर तशीच छोटी फांदी, तिच्यावर आणखी छोटी, एवढाच नमुना. त्यांना प्राणी म्हणायला माझा ठाम विरोध आहे. जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ आडोल्फ झाइलाखर यांनी १९९२ मध्ये 'व्हेंडोबायोंटा' हा स्वतंत्र गट मांडला, तो मला पटतो. रजईला टाके घातले की दोन टाक्यांमधला कापूस फुगून येतो ना, तसे यांच्या अंगाचे कप्पे, आत द्रव भरलेला. अशी ठेवण आज कुठल्या प्राण्यात आहे, सांगा की!

पद्मशाली_चौक
काका, तोंड-पोट नाही म्हणून प्राणी नाही? मग स्पंजाला बाहेर काढणार का? आणि झाइलाखर तरी एका मतावर कुठं राहिले? १९९४ मध्ये लिओ बस यांच्यासोबत त्यांनी याच गटाला प्राण्यांचा भाऊबंद मानलं, २००३ मध्ये यांतले बरेचसे प्रचंड आकाराचे एकपेशीय जीव असावेत म्हणाले. त्यात २०१८ मध्ये रशियात श्वेत समुद्राकाठच्या, याच गटात धरलेल्या डिकिन्सोनिया या जीवाच्या जीवाश्मात कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले. ही प्राण्यांची खूण आहे.

होटगीरोड
ती डिकिन्सोनियाची. एकाच्या अंगातली चरबी दाखवून दुसऱ्याची जात ठरवता येत नाही. चार्नियाला कित्येक वर्षं 'सी पेन' या प्रवाळाच्या नातलगांत बसवलं होतं. पुढे लक्षात आलं की सी पेनची नवी फांदी बुडाशी फुटते, चार्नियाची शेंड्याला. वरवरच्या रूपावर गेलं की असं होतं.

पद्मशाली_चौक
त्यानं फक्त सी पेन खोडलं गेलं, प्राणी असणं नाही. २०२१ मध्ये फ्रान्सेस डन आणि सहकाऱ्यांनी चार्नियाची वाढ बारकाईनं तपासून तिला प्राण्यांच्याच वंशवृक्षावर ठेवलं.

बाळीवेस
मी भूगोल शिकवते. तुम्ही दोघंही 'हा गट, हा गट' म्हणताय, घोळ तिथंच आहे. चार्नियाचा फोटो मोठा करून बघा. मधली रेघ नागमोडी आहे, डाव्या-उजव्या फांद्या समोरासमोर नाहीत, चेनच्या दातांसारख्या आलटून-पालटून बसल्यात. डिकिन्सोनियाच्या कप्प्यांतही काही जणांना अशीच मांडणी दिसते. म्हणून दोघांना एका घरात घातलं गेलं. पण मांडणी सारखी म्हणजे रक्त एक, असं नव्हे. आपल्या बेसाल्टात हे सापडणार नाही, तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पण भीमबेटका आठवा. २०२१ मध्ये गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया मिळाल्याची बातमी झाली, २०२३ मध्ये कळलं की ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष होते! माझं मत, व्हेंडोबायोंटा हे नावच मोडीत काढावं आणि एकेका जीवाचा निकाल वेगळा लावावा. यांना शेवाळ किंवा दगडफूल म्हणणं मात्र सोडा, त्यांना उजेड लागतो. कॅनडातल्या मिस्टेकन पॉइंटचे जीव इतक्या खोल पाण्यातले होते की तिथे उजेडच नव्हता.

होटगीरोड
मॅडम, भीमबेटकाचं पटलं, उजेडाचंही. डिकिन्सोनिया प्राण्यांत घ्या, माझी हरकत नाही. पण चार्नियाच्या दगडात तसाच रासायनिक पुरावा मिळेपर्यंत तिला मी बाहेरच ठेवणार.

पद्मशाली_चौक
काका, चार्निया श्वेत समुद्राकाठीही सापडली आहे. डिकिन्सोनियाची चरबी जिथं टिकली, तिथंच हिचीही शोधायला हवी.