संशोधन, उद्योग आणि विद्यापीठाचे नेतृत्व: एका रसायनशास्त्रज्ञाला तिन्ही साधता येतात का?

प्रश्न: उत्प्रेरक_पुणे

नमस्कार. मी पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत असून प्रबंध सादर करण्याच्या टप्प्यावर आहे. औषधनिर्मितीतील एका इंटरमीजिएटसाठी, म्हणजे औषध बनवताना मधल्या टप्प्यावर लागणाऱ्या रसायनासाठी, मी तयार केलेला उत्प्रेरक शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये उत्तम चालतो आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने त्याचा नमुना मागितला आहे. मार्गदर्शकांचा आग्रह मात्र शोधनिबंध लवकर पाठवण्याचा आहे. मला पुढे कंपनी काढायची आहे, विद्यापीठातही परतायचे आहे आणि जमल्यास एखादी संस्था चालवण्याची जबाबदारी घ्यायची आहे. आपल्याकडे कोणा रसायनशास्त्रज्ञाने हे सारे केले आहे का, आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर १: पाषाण रस्ता

केले आहे, आणि फार पूर्वी केले आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत असतानाच १८९२ मध्ये सातशे रुपयांच्या भांडवलावर राहत्या घरी बेंगॉल केमिकल या औषधे व रसायने बनवणाऱ्या उद्योगाची सुरुवात केली. फॉस्फेट बनवण्यासाठी खाटकाकडून आणलेली हाडे त्यांनी गच्चीवर वाळत घातली. त्यावर अवकाळी पाऊस पडला, हाडे कुजली आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर ती अन्यत्र नेऊन जाळावी लागली. मर्क्युरस नायट्राइट या पाऱ्याच्या संयुगावरचे त्यांचे गाजलेले काम १८९६ चे, म्हणजे हा उद्योग बाळसे धरत होता त्याच काळातले. १९०१ मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली आणि १९१६ पासून ते कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

तरीही तुमच्या परिस्थितीला शांतिस्वरूप भटनागर यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ते लाहोरला पंजाब विद्यापीठात होते तेव्हा अटॉक ऑइल कंपनीला तेलविहिरी खोदताना एक अडचण भेडसावत होती: खोदकामासाठी वापरायचा चिखल खाऱ्या पाण्याशी संपर्क येताच घट्ट होऊन बसे आणि काम ठप्प होई. हा कलिल रसायनशास्त्राचा, म्हणजे द्रवात विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांच्या वर्तनाचा, प्रश्न आहे हे भटनागरांनी ओळखले आणि चिखलात देशी डिंक मिसळून त्याचा दाटपणा आटोक्यात आणला. त्यावर अटॉकशी संबंधित स्टील ब्रदर्स या लंडनच्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा ही रक्कम विद्यापीठामार्फतच यावी असे त्यांनी सुचवले आणि त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. प्रश्न कारखान्याने आणला, पैसा विद्यापीठाकडे गेला, आणि पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची घडी बसवण्याचे काम याच माणसाकडे आले. आपल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याच परिषदेची. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तिचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन १९५७ मध्ये आले ते मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३८ पासून सांभाळून. रंगरसायनांचा हा अभ्यासक आधी शिक्षणसंस्थेत मुरला होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

उत्तर २: पेटंटवाला

इतिहास उद्बोधक आहे, परंतु तुमच्यापुढचा निर्णय तातडीचा आहे. निबंध आधी प्रसिद्ध झाला, तर काही मोजके अपवाद वगळता शोधाचे नावीन्य संपते आणि पेटंट मिळत नाही. म्हणून आधी पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल करावा. त्यानंतर पूर्ण विवरण देण्यासाठी १२ महिने मिळतात आणि निबंधही निर्धास्तपणे पाठवता येतो, त्यामुळे मार्गदर्शकांशी वाद घालण्याचे कारण उरत नाही. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. हक्क बहुधा संस्थेकडे राहील, तेव्हा कंपनीची नोंदणी करण्यापूर्वी संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण वाचून परवान्याच्या अटी लेखी घ्या. पाषाणच्याच परिसरातील व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देत आहे. तिथे एकदा अवश्य बोलून पाहा.

उत्प्रेरक_पुणे

मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. दहा वर्षे कंपनीत घालवली, तर पुढे कुलगुरुपदाची वाट बंद होते का?

उत्तर ३: सेवानिवृत्त अध्यापक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कुलगुरुपदासाठी प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतील तेवढाच अनुभव लागतो. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात उद्योगातील वरिष्ठ पदाचा अनुभवही ग्राह्य धरण्याचा प्रस्ताव होता. तरीही अध्यापनाशी नाते तोडू नका, असा माझा आग्रह राहील. ज्याने परीक्षांचे वेळापत्रक, प्रयोगशाळा साहाय्यकांची रिक्त पदे आणि विद्यार्थ्यांची रखडलेली शिष्यवृत्ती हे सारे जवळून पाहिलेले नाही, त्याला विद्यापीठ चालवणे जड जाते.

उत्तर ४: रिअॅक्टर

मी कारखान्यात काम करतो, म्हणून नमुन्याबद्दल लिहितो. तुमच्या फ्लास्कमधील उष्णता बर्फाच्या पाण्यात सहज निघून जाते. पाचशे लिटरच्या रिअॅक्टरमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फारच कमी पडतो. उष्णता आत साठते, तापमान चढते आणि नको असलेली उपउत्पादने वाढतात. म्हणून कारखान्याशी गोपनीयतेचा करार झाल्यावरच नमुना द्या, आणि त्यांच्याकडून तीन गोष्टींची आकडेवारी मागून घ्या: अभिक्रियेत तापमान किती चढले, गाळून काढलेला उत्प्रेरक कितव्या वापरापर्यंत टिकला, आणि अंतिम मालात उत्प्रेरकातील धातूचा अंश किती उरला. औषधाच्या इंटरमीजिएटमध्ये हा शेवटचा आकडा मर्यादेबाहेर गेला, तर उत्पादन कितीही चांगले मिळाले तरी खरेदीदार माल घेत नाही.