निर्यातदाराला स्वस्त व्याज हवं की सरकारी विमा? खान्देशातून एक धागा

तापीकाठचा:
व्यापारी मंडळींची एक मागणी कायम कानावर येते, निर्यातीच्या कर्जावरचं व्याज सरकारनं कमी करावं. 1 एप्रिल 2015 पासूनची व्याज समानीकरण योजना 31 डिसेंबर 2024 ला संपली. शेवटी लघुउद्योगांना तिच्यात 3 टक्के सूट मिळत होती. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, आणि नोव्हेंबरात केंद्रानं 25,060 कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं. व्याजाची सवलत त्यातही आहेच.

माझं म्हणणं उलटं आहे. सरकारनं व्याज भरू नये, जोखीम घ्यावी.

हिशेब मांडतो. रावेरहून न्हावाशेवामार्गे दुबईला केळीचा एक रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर निघतो, साधारण 20 टन माल. माल, पॅकिंग, वाहतूक धरून निर्यातदाराचे 8 लाख अडकले आणि पैसे 45 दिवसांनी आले असं समजा. त्यावर 3 टक्के सूट म्हणजे सुमारे 3 हजार रुपये, किलोमागे 15 पैसे. ते शेतकऱ्यापर्यंत येतील असं कुणी सांगितलं तर मी हसून घेईन. पण तिकडच्या खरेदीदारानं हात वर केले तर 8 लाख जातात, आणि पुढच्या आठवड्यात त्या निर्यातदाराची गाडी आपल्या बांधावर येत नाही. हा खड्डा बुजवायला 1957 पासून सरकारी महामंडळ आहे, आजची ईसीजीसी. खरेदीदाराचं दिवाळं, थकवलेले पैसे, युद्ध, परकी चलन अडकणं, या सगळ्याला ती विमा देते. आपल्याकडे तिची पॉलिसी घेणारे किती? मी विचारतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "बँकेनं केलंय ना."

बँकेनं काय केलंय, ते कुणालाच माहीत नसतं.

चटईवाला एमआयडीसी:
भाऊ, हिशोब बराबर शे, पन तो केळीना शे. मन्हा धंदाना नही.

जळगावची प्लास्टिक चटई आफ्रिकेत आणि आखातात जाते. तिथला गिऱ्हाईक 90 दिवस, कधी 180 दिवस उधार मागतो. माझे 2 कोटी वर्षभर बाहेर फिरत असतील तर 3 टक्के म्हणजे 6 लाख. त्यात वर्षभराचे दोन माणसांचे पगार निघतात. नफा आधीच पाच-सहा टक्क्यांचा. समोर चिनी माल. त्यांच्यामागे 1994 पासून निर्यातीला कर्ज देणारी त्यांची सरकारी एक्झिम बँक आणि 2001 पासून निर्यातीचा विमा देणारी सिनोशुअर उभी आहे, म्हणून चिनी कारखानदार बेधडक लांब उधार देतो. मी नकोच म्हणू का व्याजाची सूट? आधी माल विकला तर जाऊ द्या, मग विमा बघू.

रावेरचा शेतकरी:
तुमच्या भांडणात आम्ही कुठं आहोत?

आमचा माल कापला की घड गेला, पैसा उधार. बुडवणारा दुबईचा नसतो, इथलाच असतो. आमच्या भागात एक व्यापारी हंगामाच्या तोंडावर बऱ्याच जणांची रक्कम घेऊन गायब झाला. त्याच्यासाठी कोणती ईसीजीसी? निर्यातदाराला सरकारी कवच, बँकेला सरकारी कवच, आणि ज्यानं अकरा-बारा महिने केळी सांभाळली, थंडीत चरका आणि उन्हाळ्यात वादळ सोसलं, तो उघडा.

2016 ला जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2021 ला तांदलवाडीहून दुबईला माल गेल्याचे फोटो छापून आले. फार छान. आज निर्यातीची मोठी गर्दी सोलापूरकडे आहे, कारण तिकडं पॅकहाऊस आणि शीतगृहं उभी राहिली. ते 25 हजार कोटी पॅकहाऊसवर घाला. कर्ज आणि विम्याचं मग बघता येईल.

निवृत्त बँकवाली:
दोन गोष्टींची गल्लत होतेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

ईसीजीसीचे विमे दोन तऱ्हेचे. एक निर्यातदाराची पॉलिसी. तिचा हप्ता निर्यातदार भरतो आणि खरेदीदारानं बुडवलं तर भरपाई त्यालाच मिळते, साधारण 80 ते 90 टक्के, छोट्यांना त्याहून थोडी जास्त. दुसरा बँकेचा विमा. बँक तुम्हाला पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कर्ज, देते आणि ते बुडेल या भीतीनं स्वतःसाठी कवच घेते. तुमचं कर्ज थकलं तर पैसे बँकेला मिळतात, तुमच्या डोक्यावरचं कर्ज तसंच राहतं. वसुली चालू, गहाण जमीन गहाणच. "बँकेनं केलंय ना" म्हणणाऱ्यांच्या फाइलीत मी हेच पाहत आले.

आता तापीकाठचा यांना माझा विरोध. पॉलिसी घेतली की झोप लागते, असं नाही. प्रत्येक खरेदीदारासाठी मर्यादा मंजूर करून घ्यायची, पाठवलेल्या मालाची माहिती वेळेत द्यायची, पैसे थकले की मुदतीत कळवायचं. एक पायरी चुकली की दावा अडकतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट: मालाच्या दर्जावरून वाद झाला तर विमा लागू होत नाही, आधी तो वाद तिकडच्या कोर्टात जिंकून दाखवा. केळीच्या धंद्यात बुडवणारा "दिवाळं निघालं" कधी म्हणतो का? तो म्हणतो, "कंटेनर उघडला तर माल पिवळा." संपलं. चटईला विमा जितका उपयोगी, तितका नाशवंत मालाला नाही, आणि तुम्ही उदाहरण नेमकं केळीचं घेतलंत.

मात्र युद्ध आणि चलनाच्या जोखमीत सरकारशिवाय पर्याय नाही, हे मान्य. इराणचं बघा. निर्बंधांमुळे तिथले पैसे युको बँकेतल्या रुपया खात्यातून यायचे. ते खातं भरायचं आपण घेतलेल्या तेलाच्या पैशावर. मे 2019 नंतर तेल घेणं थांबलं आणि खातं आटत गेलं. यात ना निर्यातदाराची चूक, ना खरेदीदाराची. असली जोखीम कोणती खासगी कंपनी परवडेल अशा हप्त्यात घेईल?

धुळेकर:
मला हे सगळंच बंद करावंसं वाटतं. अमेरिकेतही त्यांच्या सरकारी एक्झिम बँकेला टीकाकार 'बोइंगची बँक' म्हणतात. आपल्या एक्झिम बँकेनं परदेशी सरकारांना दिलेल्या कर्जांचं काय? इथिओपियाच्या साखर कारखान्यांना 64 कोटी डॉलरचं कर्ज, भारत सरकारच्या पाठबळावर. काम वर्षानुवर्षं रखडलं. त्या देशानं 2023 मध्ये स्वतःच्या डॉलर रोख्यांचं व्याज थकवलं. इकडे खान्देशातले सहकारी कारखाने बंद पडत होते आणि आपण कर्ज देऊन तिकडे कारखाने उभारत होतो!

चटईवाला एमआयडीसी:
@धुळेकर, त्या कर्जात साधारण 75 टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. म्हणजे यंत्रं इथल्या कारखान्यात बनली, मजुरी इथं मिळाली. आणि अमेरिकेचं अर्धंच सांगितलंत. जुलै 2015 मध्ये त्यांच्या बँकेची मुदत संपली, पुढे संचालकांची गणपूर्ती नसल्यानं मे 2019 पर्यंत मोठी कर्जं मंजूरच होईनात. जनरल इलेक्ट्रिकनं 2015 मध्येच काही काम फ्रान्सला नि कॅनडाला हलवतो म्हणून जाहीर केलं, कारण तिथली सरकारं कर्जाला पाठबळ द्यायला तयार होती. एकट्यानं शस्त्र खाली ठेवलं तर असं होतं.

धुळेकर:
जनरल इलेक्ट्रिकचं ठीक. तुमच्या एमआयडीसीतल्या किती जणांना एक्झिम बँकेचं दार माहीत आहे? यंत्रं विकणारे मोठे, बिल भरणारे आपण.

तापीकाठचा:
बँकवाली ताई, 'माल पिवळा' हा मुद्दा खरा आहे, पण त्यावर इलाज आहे. माल भरताना तटस्थ संस्थेची तपासणी, कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र, आणि सौद्यातच लिहायचं की पोहोचल्यापासून इतक्या तासांत तक्रार केली तरच ती धरली जाईल. सरकारनं पैसा द्यायचाच तर या तपासणीला द्यावा. मग वाद दर्जाचा उरत नाही, थकबाकीचा होतो, आणि विमा लागू पडतो.

चटईवाले भाऊ, तुमचे 6 लाख खरे. पण ती सूट शेवटच्या काळात एक ते तीन महिन्यांची मुदतवाढ घेत सरपटत होती, शेवटी एक दिवस बंद. त्यावर किंमत लावून सौदे केलेल्यांचं काय झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. शिवाय 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं आपल्या निर्यातीशी बांधलेल्या सवलती नियमाबाहेर ठरवल्या. आपण अपील केलं, पण त्यातली एमईआयएस, म्हणजे निर्यातीच्या किमतीवर बक्षीस देणारी योजना, गुंडाळून 2021 पासून रोडटेप, म्हणजे निर्यातमालावर बसलेले कर परत करणारी योजना, आणावी लागली. विम्याला ही भीती कमी, हप्ता दीर्घकाळात नुकसान भरून काढत असला की झालं.

रावेरचा शेतकरी:
तपासणी, यंत्र, सौद्यातली कलमं... आणि माझं उधार?

निवृत्त बँकवाली:
@रावेरचा शेतकरी, त्याला निर्यात विम्यात सध्या जागा नाही, खोटं आश्वासन देत नाही. पण निर्यातदाराला पॅकिंग क्रेडिट मिळतं ते माल खरेदी करायलाच. ती रक्कम निर्यातदाराच्या हातात न देता थेट शेतकऱ्याच्या खात्यात सोडता येते, खरेदीची पावती बघून. काही शाखा पुरवठादाराला असे थेट पैसे देतात. तुमची शेतकरी कंपनी असेल तर व्यवहार ठरवतानाच ही अट घाला. व्यापारी कुरकुर करेल.

रावेरचा शेतकरी:
कुरकुर कसली, दुसऱ्याच्या बागेत जाईल तो. सगळ्या गावानं मिळून अट घातली तरच. बुधवारी बैठक आहे, मांडून बघतो.