पिल्लं पाजणाऱ्या कारवान कुत्रीच्या जखमेत अळ्या, सीताफळाचा पाला चालेल का?

मंडळी, मदत हवी आहे.

आमची हरणी चार वर्षांची, कारवान जातीची शिकारी कुत्री. व्यायला आज 18 दिवस झाले, पाच पिल्लं आहेत. परवा सारखी मान झटकत होती म्हणून कान उलटून पाहिला, तर कानामागे चिंचोक्याएवढी जखम आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. शिवाय कानाच्या पाळीत एरंडीच्या बीएवढे टम्म फुगलेले गोचीड. डॉक्टरांनी अळ्या काढून जखम धुऊन दिली. पण दवाखाना 30 किलोमीटरवर आहे, तिला रोज नेणं जमत नाही.

आजोबा 1972 च्या वन्यजीव कायद्याआधी कारवान घेऊन सशाच्या शिकारीला जायचे. शिकार सुटली, पण कुत्र्यांची औषधं त्यांनी शेवटपर्यंत केली, ती मी पाहिली आहेत. काटा मोडून पंजात राहिला की रुईचा चीक. कुंपणाच्या तारेने फाटलं की बांधावरचा दगडी पाला तळहातावर चुरगळून रस पिळायचे, अंगठा दिवसभर हिरवा राहायचा. गोचिडाला करंजाचं तेल. आणि जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून आत भरायचे, वरून चिंधी.

आई म्हणते, तोच पाला भर. पण आजोबांनी पाजणाऱ्या कुत्रीला तो लावल्याचं मला आठवत नाही. पिल्लं दिवसभर तिच्या अंगावर असतात, दिसेल ते चाटतात. पाला किंवा करंज त्यांच्या पोटात गेलं तर? कुणी स्वतः वापरलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद 1
दादा, कानामागे सीताफळ नको. पाल्याने, त्याहून जास्त बियांच्या पुडीने अळ्या मरतात हे खरं, पण डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. कुत्री पंजाने कान खाजवते आणि त्याच पंजाने तोंड पुसते. रुईच्या चिकाचंही तसंच. सध्या डॉक्टरांनी दिलेलंच लावा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. गुरांचं गोचिडाचं औषध तिला अजिबात लावू नका. मादी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून हरणी झोपते तिथल्या भेगा आजच लिंपून घ्या. आणि हिरड्या बघा. फिक्या असतील किंवा ताप असेल तर गोचीडतापासाठी रक्त तपासावं लागेल, त्यावर कुठलाच पाला चालत नाही.

धागाकर्ता
खूप आभार. आत्ता बॅटरी लावून बघितलं, हिरड्या फिक्याच आहेत. संध्याकाळची भाकरीही तशीच पडली आहे. पहाटे दुधाच्या टेम्पोतून नेतो. पिल्लं घरीच ठेवावी लागतील. तोवर त्यांना शेळीचं दूध चालेल का? किती आणि किती वेळाने? कुणी जागं असेल तर सांगा.