मदत हवी आहे: ऑप्शन सौद्यांची जर्नल एक्सेलमध्ये नीट जुळत नाही

धागाकर्ता

नमस्कार. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमधले क्रेडिट स्प्रेड (महाग ऑप्शन विकून त्याच प्रकारचा स्वस्त ऑप्शन घेणे; हाती येणारा फरक म्हणजे क्रेडिट) आणि अधूनमधून आयर्न कॉन्डोर (वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंचे स्प्रेड एकत्र), एवढ्याच सौद्यांची जर्नल ठेवायची आहे. ब्रोकरच्या साइटवरून ट्रेडबुकची (झालेल्या व्यवहारांच्या यादीची) सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्ये घेतो. तीन गोष्टी अडतात.

१. स्प्रेडचे दोन लेग (विकलेला आणि घेतलेला ऑप्शन) दोन वेगळे सौदे म्हणून मोजले जातात. एक नफ्यात, एक तोट्यात. त्यामुळे किती टक्के सौदे जिंकले हा आकडा कायम पन्नासच्या आसपास येतो.
२. शून्यावर एक्स्पायर झालेले (मुदत संपून किंमत न उरलेले) ऑप्शन शीटमध्ये उघडेच दिसतात.
३. शीटमधला नफा आणि खात्यात आलेले पैसे यांत दर वेळी फरक पडतो.

शिवाय इतके कॉलम असलेले तयार नमुने सापडतात की कुठले भरावेत तेच कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

थीटा

तिन्ही अडचणींचे मूळ जवळपास एकच आहे. ट्रेडबुकमधली एक ओळ म्हणजे एक फिल, ऑर्डरचा भरला गेलेला एक तुकडा. एकच ऑर्डर चार तुकड्यांत भरली तर चार ओळी येतात. जर्नलची एक ओळ म्हणजे तुमचा एक पूर्ण निर्णय असायला हवा. म्हणून दोन शीट करा.

पहिल्या शीटचे नाव ‘फिल’. ट्रेडबुक जसेच्या तसे इथे चिकटवायचे, हाताने फक्त एक कॉलम वाढवायचा: ट्रेड क्रमांक. स्प्रेडच्या दोन्ही लेगना, घेताना आणि सोडताना, तोच क्रमांक. दुसऱ्या शीटचे नाव ‘ट्रेड’, तिथे प्रत्येक क्रमांकाला एकच ओळ. एक्सेलच्या ‘समइफ्स’ सूत्राने त्या क्रमांकाच्या विक्रीच्या रकमांची बेरीज करा आणि त्यातून खरेदीची वजा करा. हा झाला ढोबळ नफा.

रोल केलेल्या (जुना बंद करून त्याऐवजी दुसऱ्या स्ट्राइकचा किंवा पुढच्या एक्स्पायरीचा घेतलेल्या) लेगला जुनाच क्रमांक द्या. नवा दिलात तर तोटा जुन्या ओळीत बसतो, नवे क्रेडिट ‘जिंकलेला सौदा’ म्हणून मिरवते, आणि रोल करणे फायद्याचे की तोट्याचे हे जर्नल कधीच सांगू शकत नाही.

एक्स्पायरीचे असे की ऑप्शन शून्यावर संपला तर बाजारात व्यवहारच होत नाही, मग ट्रेडबुकमध्ये नोंद कुठून येणार? ती ओळ तुम्हीच भरायची: एक्स्पायरीची तारीख, उलटी बाजू, तेवढीच संख्या, भाव ०. ऑप्शन इन द मनी (काही किंमत उरलेली असताना) संपला असेल तर भाव म्हणजे इंट्रिन्सिक व्हॅल्यू, स्ट्राइक आणि बंद भाव यांतला फरक. विकलेला २५१०० स्ट्राइकचा पुट (निफ्टी पडला की वाढणारा ऑप्शन) आणि निफ्टीचा बंद भाव २५०४०, तर खरेदी ६० रुपयांना. बंद भाव एनएसईने जाहीर केलेलाच घ्या. साडेतीनला स्क्रीनवर दिसणारा शेवटचा आकडा त्याच्याशी जुळेलच असे नाही, कारण बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून काढतात.

आता खर्च. ऑक्टोबर २०२५ च्या दरांनी एक सौदा, लॉट (सौद्याची किमान संख्या) ७५, भाव उदाहरणापुरते. २५१०० चा पुट ८२ ला विकला, २४९०० चा ३४ ला घेतला. सोडताना ४० आणि १४. क्रेडिट ४८, बाहेर पडायला २६, म्हणजे २२ गुणिले ७५, ढोबळ नफा १,६५० रुपये.

– ब्रोकरेज: चार ऑर्डर, प्रत्येकी २०, एकूण ८०
– एसटीटी (सरकारचा व्यवहार कर): विक्रीच्या ७,२०० रुपयांवर ०.१ टक्का, ७.२०
– एक्स्चेंजचे शुल्क: एकूण प्रीमियम (चारही ऑर्डरींची रक्कम) १२,७५० वर ०.०३५०३ टक्का, सुमारे ४.४७
– जीएसटी: ब्रोकरेज आणि एक्स्चेंजचे शुल्क यांवर १८ टक्के, सुमारे १५.२०
– स्टॅम्प ड्यूटी आणि सेबीचे शुल्क मिळून वीस पैशांच्या आत

एकूण सुमारे १०७, निव्वळ नफा १,५४३. ढोबळ नफ्याचे साडेसहा टक्के खर्चात गेले. हाच सौदा दहा लॉटचा असता तर ब्रोकरेज ८० च राहिले असते आणि खर्च सव्वा टक्क्याच्या थोडा वर आला असता. म्हणून एका लॉटच्या निकालाला सरळ दहाने गुणू नका. दर वेगळ्या सेलमध्ये तारखेसह ठेवा, सूत्रात कोंबू नका. एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ ला ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला, तेव्हा ज्यांनी दर सूत्रातच लिहिला होता त्यांचे जुने हिशोबही बिघडले. अंतिम ताळा कॉन्ट्रॅक्ट नोटवरूनच (ब्रोकर पाठवतो त्या बिलावरूनच) करा.

सेल_बाय_सेल

आयात करतानाची खबरदारी. ऑर्डर क्रमांक सोळा अंकी असतो आणि एक्सेल पंधराच अंक अचूक ठेवते. फाइल डबल क्लिक करून उघडली की शेवटचा अंक शून्य होतो आणि दोन वेगळ्या ऑर्डरी एक दिसू शकतात. ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि तो कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा.

लॉटची संख्या लिहू नका, प्रत्यक्ष संख्या लिहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. ‘२ लॉट’ या नोंदीचा अर्थ तारखेप्रमाणे बदलतो.

धागाकर्ता

मनापासून आभार, क्रमांकाची युक्ती लगेच लागू पडली. आता विश्लेषणाचे सांगा. दोन सौद्यांची तुलना कशावर करायची, रुपयांवर की मार्जिनच्या (सौद्यासाठी ब्रोकरकडे अडकलेल्या रकमेच्या) टक्क्यांवर?

थीटा

जोखमीवर. वरच्या स्प्रेडमध्ये रुंदी (दोन स्ट्राइकमधले अंतर) २००, क्रेडिट ४८, म्हणजे जास्तीत जास्त तोटा १५२ गुणिले ७५, ११,४०० रुपये. याला १ आर म्हणा. १,५४३ भागिले ११,४०० म्हणजे ०.१४ आर. उघड्या स्ट्रँगलला (कॉल आणि पुट दोन्ही विकले, संरक्षणाला काही घेतले नाही) अशी मर्यादा नसते, तिथे सौदा घेण्याआधी ठरवलेला स्टॉपलॉस हाच १ आर. तो आकडा नंतर बदलायचा नाही, नाहीतर सगळी तुलनाच निरर्थक होते.

मार्जिनची टक्केवारी दिशाभूल करते. एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिन लागते, त्यामुळे तोच सौदा त्या दिवशी टक्क्यांत लहान दिसतो.

सौदा घेण्याआधी भरायचे कॉलम इतकेच पुरेत: निफ्टीचा भाव, इंडिया व्हिक्स (बाजारातला अपेक्षित चढउतार दाखवणारा निर्देशांक), एक्स्पायरीला उरलेले दिवस, विकलेल्या लेगचा डेल्टा (निफ्टी एका अंकाने हलला की ऑप्शनचा भाव किती हलतो), १ आर किती रुपये, आणि बाहेर पडण्याची अट एका वाक्यात. सोडल्यावर तीन: कारण, सौदा चालू असताना झालेला सर्वांत मोठा तोटा आरमध्ये, आणि ठरवलेली अट पाळली का, हो किंवा नाही. शेवटचा कॉलम सर्वांत मोलाचा. पिव्होट टेबलमध्ये (एक्सेलच्या सारांश तक्त्यात) ‘हो’ आणि ‘नाही’ यांची सरासरी आर शेजारी ठेवा. पद्धत तोट्याची आहे की शिस्त सुटते आहे, हे तिथे वेगळे दिसते.

जिंकण्याच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नका. क्रेडिट स्प्रेडमध्ये ८० टक्के सौदे ०.२५ आर देऊन गेले आणि २० टक्के पूर्ण १ आर घेऊन गेले, तर ०.२० वजा ०.२०, हाती शून्य. खर्च धरला की तोटा.

सेल_बाय_सेल

गट पाडताना वार धरू नका, एक्स्पायरीला उरलेले दिवस धरा. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारी आली. जुना बुधवार म्हणजे एक्स्पायरीच्या आदला दिवस, आताचा बुधवार म्हणजे नव्या आठवड्याची सुरुवात. आणि एखाद्या गटात वीसपेक्षा कमी सौदे असतील तर त्या सरासरीवरून सौद्याचा आकार वाढवू नका. एक मोठा तोटा सगळे चित्र पालटतो.