उसाचं बिल वर्षातनं एकदा, घरखर्च रोजचा. हिशोब कसा बसवायचा?

शिवणवाली (वाळवा तालुका):
नमस्कार सगळ्यांना. घरी सासूबाई, आम्ही दोघं, मोठा सहावीला आणि धाकटी ६ वर्षांची. दोन एकर ऊस, दोन म्हशी आणि माझं शिवणकाम एवढ्यावर घर चालतंय. दूध बिल दर दहा दिवसांनी येतं पण पेंडीचे पैसे वजा होऊन हातात थोडंच पडतं, ब्लाऊज आणि पिकोफॉलचे महिन्याला साडेतीन-चार हजार होतात, आणि मोठा पैसा म्हणजे उसाचं बिल, ते फेब्रुवारी-मार्चला एकदम येतं. औंदा ८० टन गेला आणि ३२०० दर धरला तर २,५६,००० होतील, त्यातनं गावच्या विकास सोसायटीच्या पीक कर्जाचे १,१०,००० वळते होणार म्हणजे हातात १,४६,०००. दरवर्षी बिल आलं की दोन-तीन महिने बरे जातात, मग जूनला शाळेची फी, पुस्तकं, आणि पावसाळा लागला की दुकानात उधारी सुरू होते ती दिवाळीपर्यंत वाढतच जाते. मालक म्हणतात एफडी करू, सासूबाई म्हणतात थोडं सोनं करून ठेव. मला एवढंच पाहिजे की पुढच्या बिलापर्यंत उधारी होऊ नये. तुमच्यात कसं करता सांगा.

कृष्णाकाठ (पलूस):
ताई, आधी एक बघा, सोसायटीचं नवं-जुनं झालं (म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचललं) की ते १,१०,००० परत मिळतील, ते खत, औषध, मशागतीचे पैसे आहेत, त्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही. मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज पडत नाही, त्यामुळं ती तारीख चुकवू नका.

आता १,४६,०००. वर्षातनं एकदाच येणारे खर्च त्यातनं पहिल्याच दिवशी काढा. मी अंदाज धरतो, फी-पुस्तकं २२,०००, विम्याचा हप्ता आणि गाडीचा इन्शुरन्स १८,०००, दिवाळी-यात्रा-आहेर २०,०००, दवाखाना १४,०००. झाले ७४,०००. राहिले ७२,०००. सगळे ह्याला १२ नं भागतात, तुम्ही १४ नं भागा. कारखाना उशिरा सुरू झाला, ऊसतोडीची टोळी आली नाही, तोड लांबली की बिल एक-दीड महिना सहज पुढं जातं. कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे) पैसे मिळायला पाहिजेत, पण त्या भरवशावर चूल पेटवायची नाही. आणि तोडीला टोळीला खुशाली (वरचे पैसे) द्यावी लागते ते पण धरा. १४ नं भागलं तर महिन्याला ५,१०० च्या आसपास बसतात. बिलाचं खातं वेगळं ठेवा आणि १ तारखेला तेवढेच घरखर्चाच्या खात्यात वळवा.

मिरजकरीण:
काकांचं १४ चं गणित पटलं. पैसे कुठं ठेवायचे ते मी सांगते. ७४,००० ची सगळी एकच एफडी करू नका, जूनला लागणारे आणि दवाखान्याचे साध्या खात्यातच राहू देत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं किती घरांना रातोरात बाहेर पडावं लागलं, तेव्हा हातात पैसा असणं किती गरजेचं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. सोनं आत्ता नको असं माझं स्पष्ट मत, उधारी संपल्यावर बघा.

बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, म्हणून अर्धा टक्का जास्त मिळतोय म्हणून सगळं तिकडं टाकू नका. भिशी ओळखीतल्या बायकांची असली तरी छोटीच ठेवा. धाकटीचं सुकन्या खातं पोस्टात उघडा, १० वर्षांच्या आतच उघडता येतं आणि वर्षाला २५० भरले तरी चालू राहतं, शिवणाचा सीझन चांगला गेला की जास्त भरा. आणि दोघांचाही वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन ज्योती (आयुर्विमा) आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा (अपघाताचा) घ्या. ते पैसे मे अखेरीला खात्यातनं आपोआप कटतात, तेव्हा खात्यात शिल्लक पाहिजे.

कराडची लेक:
माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. घरखर्च दर महिन्याला सारखा नसतोच. आमच्या घरी आई उन्हाळ्यातच वर्षाची बेगमी करते, ज्वारी, गहू, तूरडाळ, वर्षाची चटणी, पापड-सांडगे. बिल तुमच्या हातात तेव्हाच असतं आणि धान्यही तेव्हाच नवं आलेलं असतं, रोखीनं पोत्यानं घेतलं की किलोमागं फरक पडतो. मग पावसाळ्यात दुकानातनं तेल, साखर, साबण एवढंच आणायचं राहतं, उधारी वाढायला जागाच उरत नाही. धान्य वाळवून नीट कोठीत भरा, नाहीतर किडं लागतात. नदीकाठी घर असेल तर कोठी माळ्यावर. आणि जुनी उधारी असेल तर ती बिल आल्याआल्या पहिली फेडा, मग बाकी सगळं.

शिवणवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार, संध्याकाळी मालकांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. बेगमीचं सासूबाईंना एकदम पटलं, त्या म्हणाल्या पूर्वी असंच असायचं. आम्ही बसून हिशोब केला, बेगमीला १६,००० धरले तर ७२,००० तले ५६,००० राहतात, १४ नं भागले की महिना ४,०००. त्यात शिवणाचे धरून गॅस, भाजी, तेल, मोबाईल, पोरांची एसटी बसेल का? जुनी उधारी ६,५०० आहे, ती कशातनं काढू?

कृष्णाकाठ (पलूस):
उधारी आहेराच्या २०,००० मधनं काढा, औंदा आहेर जरा हात राखून करा, जवळची माणसं समजून घेतात. दूध बिलातलं पेंड जाऊन जे उरतं ते तेल-साखरेला लावा, म्हणजे ४,००० आणि शिवणाचे मिळून बाकीचं बसायला पाहिजे. म्हशी आटल्या की ते बिल बंद होतं, तेवढे दोन-तीन महिने आधीच धरून चाला. एप्रिल ते जून रोजचा खर्च वहीत लिहा आणि जूनअखेरीला आकडे इथं टाका, मग कुठं कमी-जास्त करायचं ते बघू.